सेगाने मैदान का सोडलं?

जानेवारी २००५ मध्ये सेगा या जपानी कंपनीने कॅलिफोर्नियातला आपला ‘व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स’ हा स्टुडिओ अमेरिकेतल्या टेक-टू या कंपनीला विकला. सोबत ‘कुश गेम्स’ हा दुसरा स्टुडिओही दिला. दोन्हींचे मिळून २ कोटी ४० लाख डॉलर आले आणि अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल यांच्या व्हिडिओ गेमच्या धंद्यातून सेगा बाहेर पडली. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी याच स्टुडिओचा ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा गेम बाजारात आला होता. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोत्तम गेममध्ये आजही त्याचं नाव घेतलं जातं. इतका चांगला गेम हाती असलेली कंपनी माघार का घेते? हे समजण्यासाठी असा गेम कशावर उभा असतो, ते आधी पाहायला हवं.

उसन्या नावांचा धंदा

‘सॉनिक’ हे पात्र सेगाचं स्वतःचं आहे. त्याचा गेम काढायला कोणाची परवानगी लागत नाही. खेळांच्या गेमचं तसं नसतं. संघांची नावं, चिन्हं, जर्सी आणि मैदानं वापरायची तर लीगचा परवाना लागतो. खेळाडूंची नावं आणि चेहरे हवे असतील तर खेळाडूंच्या संघटनेशी वेगळा करार करावा लागतो. पडद्यावर टीव्हीवरच्या सामन्यासारखी मांडणी आणि वाहिनीचं नाव हवं असेल, तर त्या वाहिनीशी तिसरा करार. यातला प्रत्येक करार ठरावीक मुदतीचा असतो आणि प्रत्येकासाठी पैसे मोजावे लागतात.

परवाना नसला की काय होतं, हे आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलं आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ‘ईए’ या कंपनीचा ‘क्रिकेट ०७’ हा गेम २००६ च्या अखेरीस आला. त्यात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावांनी होते, पण भारतीय खेळाडूंची नावं बदललेली होती. खेळणाऱ्यांनी स्वतःच फाइली बनवून ती दुरुस्त केली. गेमची मजा त्या नावांत किती असते, हे त्या खटाटोपावरून कळतं.

यात भर पडते दरवर्षीच्या चक्राची. हंगाम बदलला की संघ बदलतात, म्हणून नवा गेमही दरवर्षी काढावा लागतो. हंगाम सुरू व्हायच्या सुमारास तो दुकानात पोहोचलाच पाहिजे. तारीख चुकली की वर्ष वाया जातं, आणि वेळेवर आला तरी पुढच्या वर्षी तो जुना होतो. दुसऱ्या क्रमांकावरच्या कंपनीला हे जास्त जड जातं. गेम बनवण्याचा खर्च पहिल्या क्रमांकाएवढाच येतो, पण तो कमी प्रतींच्या विक्रीतून वसूल करावा लागतो.

सेगा यात आली कशी

१९९० च्या दशकात सेगाच्या ‘जेनेसिस’ या गेम खेळायच्या यंत्रावर ईएचा ‘मॅडन’ हा फुटबॉलचा गेम धडाक्यात खपत होता. जॉन मॅडन हे नामवंत प्रशिक्षक आणि समालोचक, त्यांच्या नावाचा हा गेम. १९९९ मध्ये सेगाने अमेरिकेत ‘ड्रीमकास्ट’ हे नवं यंत्र आणलं, तेव्हा ईएने त्यासाठी गेम बनवायला नकार दिला. फुटबॉलचा गेम नसलेलं यंत्र अमेरिकेत विकणं कठीण होतं. म्हणून सेगाने व्हिज्युअल कॉन्सेप्ट्सला हाताशी धरलं आणि ‘एनएफएल २के’, ‘एनबीए २के’ या मालिका सुरू केल्या.

म्हणजे या गेमचं मूळ काम यंत्र खपवण्याचं होतं. २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद केलं आणि ते कामच संपलं. आता याच गेमना प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दुसऱ्यांच्या यंत्रांवर, मॅडनच्या शेजारी बसून, स्वतःच्या बळावर पैसा कमवायचा होता.

२० डॉलरचा डाव

जुलै २००४ मध्ये सेगाने धाडस केलं. असे गेम तेव्हा साधारण ५० डॉलरला मिळत. ‘२के५’ची किंमत १९.९९ डॉलर ठेवली गेली. गेम दर्जेदार, वर इतका स्वस्त, त्यामुळे लोकांच्या उड्या पडल्या. ईएला मॅडनची किंमत हंगाम चालू असतानाच २९.९५ डॉलरवर आणावी लागली. दोन कंपन्यांच्या चुरशीत खेळणाऱ्याचा फायदा कसा होतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

ही चुरस जेमतेम पाच महिने टिकली. १३ डिसेंबर २००४ रोजी ईएने एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग आणि खेळाडूंची संघटना या दोघांशीही पाच वर्षांचा करार जाहीर केला. खरे संघ आणि खरे खेळाडू असलेला फुटबॉलचा गेम यापुढे फक्त ईएच काढणार होती. पुढच्याच महिन्यात ईएसपीएन वाहिनीशीही तिने १५ वर्षांचा करार केला. वर सांगितलेले तिन्ही परवाने अशा रीतीने एकाच घरात गेले. स्टुडिओ, माणसं, तंत्र सगळं सेगाकडेच होतं, पण या सगळ्यांतून बनलेला गेम विकण्याचा हक्क उरला नाही. नुकतीच सॅमी या कंपनीशी एकत्र आलेल्या सेगाने त्याच जानेवारीत स्टुडिओ विकून टाकला.

लीगला यात तात्कालिक सोय होती, कारण एकाच कंपनीकडून खात्रीची रक्कम मिळत होती. किंमत मोजली ती खेळणाऱ्यांनी. पुढच्या वर्षीचा मॅडन पुन्हा जुन्या चढ्या भावाला आला. २००८ मध्ये ग्राहकांनी ईएविरुद्ध मक्तेदारीचा दावा लावला. २०१२ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली, पण एनएफएलशी केलेला करार कायम राहिला.

टेक-टूने २००७ मध्ये निवृत्त खेळाडू आणि काल्पनिक संघ घेऊन ‘ऑल-प्रो फुटबॉल २के८’ काढून पाहिला. त्याचा दुसरा भाग आला नाही. बेसबॉलमध्ये मात्र टेक-टूने हेच हत्यार उचललं. यंत्रं न बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एकट्या टेक-टूला मेजर लीग बेसबॉलचा परवाना मिळाला आणि ईएच्या ‘एमव्हीपी बेसबॉल’ या नावाजलेल्या मालिकेला मेजर लीगचं मैदान सोडावं लागलं.

माघार दोन प्रकारची

याच स्टुडिओच्या बास्केटबॉलच्या गेमचं काय झालं, ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. एनबीए या बास्केटबॉलच्या लीगने आपला परवाना एका कंपनीपुरता बांधला नाही. ‘एनबीए २के’ आणि ईएचा ‘एनबीए लाइव्ह’ वर्षानुवर्षं समोरासमोर राहिले, आणि २के दरवर्षी सुधारत गेला. २०१० मध्ये ईएने आपला नवा बास्केटबॉल गेम प्रकाशनाच्या तोंडावर रद्द केला, कारण तो धड जमला नव्हता. बास्केटबॉलमध्ये २केचा जो दबदबा निर्माण झाला, तो खेळणाऱ्यांच्या पसंतीवर.

तीच माणसं आणि तेच कौशल्य एका खेळात संपलं, दुसऱ्यात बहरलं. फरक फक्त लीगच्या निर्णयाचा होता. म्हणून एखाद्या कंपनीने खेळांचे गेम बंद केल्याची बातमी आली की तिचा गेम वाईट होता असं लगेच मानू नये. परवाने कोणाकडे गेले आणि किती वर्षांसाठी, हे आधी पाहावं. खेळणाऱ्यांनी नाकारलेला गेम बंद होणं हा बाजाराचा रास्त न्याय आहे. लोकांना आवडणारा गेम करारामुळे बंद पडतो, तेव्हा तोटा कंपनीइतकाच खेळणाऱ्यांचाही होतो, आणि त्या करारावर सही करताना त्यांना कोणी विचारलेलं नसतं.