हिगोनोकामी : खटका नसलेला चाकू

पितळेच्या किंवा पोलादाच्या पत्र्याची एकच पट्टी, दुमडून केलेली मूठ. तिच्यात मिटणारं पातं आणि टोकाला एक रिव्हेट. जपानी हिगोनोकामी एवढाच. स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या मागे एक बारकी शेपटी बाहेर आलेली असते, तिला चिकिरी म्हणतात. तिच्यावर अंगठा दाबला की पातं उघडतं आणि कापून होईपर्यंत अंगठा तिथंच ठेवायचा. वेंधळ्या माणसाने या चाकूच्या वाटेला जाऊ नये.

धार मात्र सरळ, टोकापर्यंत कुठेही पोट न सुटलेली. सोलायला, कातडं काढायला असलं पातं गैरसोयीचंच. पण शिसपेन्सिलीला टोक काढावं तर यानेच. लाकडाचा कीस सारख्या जाडीचा निघतो आणि शिसं मोडत नाही. धार लावणंही सोपं, कारण दगडावर पातं टेकवलं की अख्खी धार एकदम टेकते, वळणाबरोबर मनगट फिरवावं लागत नाही. चांगल्या नगात मधे कडक कार्बन पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असतं. कैरी चिरून तसाच ठेवला तर पातं काळं-निळं पडतं. संग्राहकांना हे डाग फार प्रिय; पुसून चकचकीत केलेला जुना चाकू पाहिला की ते हळहळतात.

ह्योगो प्रांतातलं मिकी हे जुनं लोहारकामाचं गाव. तिथे १८९०च्या दशकात हा चाकू घडू लागला. स्वस्त असल्याने तो पोराटोरांच्या खिशात गेला. पेन्सिल, बांबूची खेळणी, फळं, सगळं त्याच्यावरच. मग १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत खून झाला. मारेकरी १७ वर्षांचा होता. त्याच्या हातात होती आखूड तलवार. पण मुलांच्या हाती पातं नको अशी मोहीम देशभर उभी राहिली आणि गदा आली ती दप्तरातल्या चाकूवर. टोकयंत्रांनी उरलंसुरलं गिऱ्हाईक नेलं. तलवारीच्या गुन्ह्याची शिक्षा चाकूला, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. तरीही नागानो प्रांतातल्या इकेदाची एक प्राथमिक शाळा पहिलीच्या मुलांना हाच चाकू देऊन पेन्सिली तासायला शिकवत आली आहे.

नाव नोंदणीकृत आहे आणि ते वापरायचा हक्क असलेला एकच कारखाना मिकीत उरला, नागाओ कानेकोमा. बाकीच्यांचे नग दिसायला तसेच, नाव वेगळं. म्हणून घेणारा आधी मुठीवरचा ठसा वाचतो, मग पातं हलवून पाहतो. ढिलं असेल तर घाबरायचं कारण नाही. ऐरणीवर ठेवून रिव्हेटवर हातोडीचा हलका ठोका दिला की घट्ट होतं. जोरात हाणलं तर मात्र उघडायला पक्कड लागेल.

जपानमध्येच तो खिशात घेऊन फिरणं आता अवघड झालंय. सहा सेंटिमीटरहून लांब पातं रास्त कारणाशिवाय बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. घडीच्या काही चाकूंना थोडी सूट मिळते, तरी पोलिसांनी हटकलं तर कारण सांगावंच लागतं. ‘आवडतो म्हणून’ हे त्यांना चालत नाही.