बाळाविना बाळंतीण

३, ७, १४, २१, २८ आणि ४२. हे आकडे महाराष्ट्रातल्या आशाताईंना तोंडपाठ असतात. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली की या सहा दिवशी आशाताईने तिच्याकडे जायचं असतं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिला दिवस धरून सात भेटी. झोळीकाट्याला अडकवून बाळाचं वजन करायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ ओली आहे का बघायचं, बाळ अंगावर नीट ओढतंय का ते आईशेजारी बसून पाहायचं. केंद्र सरकारने २०११ साली ही गृहभेटींची योजना देशभर लागू केली, तेव्हा सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरवले. ते मिळण्यासाठी अटीही घातल्या. जन्माच्या वजनाची नोंद हवी, ठरलेल्या लसी हव्यात, जन्माची नोंदणी हवी, आणि ४२व्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप हवीत.

ही शेवटची अट मला फार दिवस छळते आहे. बाळ चौथ्या दिवशी गेलं, तर सातव्या दिवसाच्या भेटीचं काय करायचं? मूळ आदेशाच्या हिशेबात त्या भेटीला जागाच नव्हती. बऱ्याच आशाताई तरीही जातात, कारण ती बाई त्यांच्याच आळीतली असते, कधी नात्यातलीही असते. पण तिथे बसून काय विचारायचं आणि काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. बाळाचा तक्ता भरायचा थांबतो आणि त्याबरोबर बाईचंही मोजमाप थांबतं. तिचं रक्त जायचं मात्र थांबलेलं नसतं. टाके ओले असतात, ताप येऊ शकतो, दूध उतरत असतं. बाळ असो वा नसो, ती बाळंतीण असते.

ज्या भेटींबद्दल मी बोलते आहे त्यांचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. नव्वदच्या दशकात त्यांनी गावोगावच्या नवजात बाळांकडे जन्मापासून २८ दिवस सलग लक्ष ठेवून पाहिलं. ७६३ बाळांची नोंद झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना या ना त्या कारणाने उपचाराची गरज होती. प्रत्यक्षात वैद्यकीय मदत मिळाली ती अवघ्या २.६ टक्क्यांना. बाकीची बाळं अंधाऱ्या खोलीत, आईच्या कुशीत, कुणी डॉक्टर न पाहताच जगली किंवा गेली. नवजात बाळ घराबाहेर काढायचं नाही ही रीत, दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्यांना पाणी. तेव्हा दवाखाना घरी न्यायचा, असं ठरलं.

गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला गरम पिशवीत कसं ठेवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कशी ओळखायची हे त्या शिकल्या. जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. शेतमजुरी करणाऱ्या बाईने नवजात बाळाला सुई टोचायची, ही कल्पना त्या काळी अनेक डॉक्टरांच्या गळी उतरत नव्हती. ३९ गावांत हे काम झालं आणि तुलनेसाठी ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली गेली. १९९३ ते १९९५ या काळात काम झालेल्या गावांमध्ये हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत. १९९७-९८ पर्यंत ते साधारण २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते साठच्या घरातच राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले आणि पुढे याच नमुन्यावर आशाताईंच्या गृहभेटी देशभर आखल्या गेल्या. २०२० साली महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता (नमुना नोंदणी पाहणी), त्या वर्षीचा देशाचा २०. त्यामागे दवाखान्यातली बाळंतपणं, रस्ते, १०८ची गाडी, जिल्हा रुग्णालयांतले नवजात कक्ष असं बरंच काही आहे. पण घरी जाऊन, जमिनीवर बसून बाळ मोजणाऱ्या बाईचा त्यातला वाटा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नवजात मृत्यूंतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. आपल्या आज्यांना हा आकडा कुणी सांगितला नव्हता, पण तो आठवडा त्यांना ठाऊक होता. पाचवीला सटवाई पुजायची, ती बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी, या सगळ्या रीती त्या धोक्याच्या दिवसांभोवती विणलेल्या दिसतात. जीव टिकेल याची थोडी खात्री पटल्यावरच त्याला नावाने हाक मारायची. या रीतींनी पिढ्यान्‌पिढ्या बायांना थोडाफार आधार दिला असेल, पण त्यांच्या पोटात एक कठोर गोष्टही आहे. बाराव्याच्या आत गेलेलं बाळ बिननावाचं राहतं. पुष्कळ समाजांत त्याला दहन देत नाहीत, पुरतात. घरातले दोन-चार पुरुष कापडात गुंडाळून घेऊन जातात. आई बाळंतिणीच्या खाटेवर असते, तिला नेत नाहीत. कुठे पुरलं तेही अनेकींना कधी सांगितलं जात नाही.

कल्याणची एक मुलगी चौदाव्या वर्षी बाळंत झाली. तिचा मुलगा दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही जाणीव तिच्या मनात रुतून बसली. ती आनंदीबाई जोशी. १८८३ साली ती अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात तिचा अंत झाला, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. शाळेच्या पुस्तकांत आनंदीबाई पहिली डॉक्टर म्हणून भेटतात. त्या दहा दिवसांच्या बाळाची आई म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो. महाराष्ट्रातल्या सुरक्षित मातृत्वाची गोष्ट सांगायची तर ती मी त्या बाळापासून सुरू करेन.

जे बाळ पोटातच जातं त्याची गोष्ट आणखी अंधारात राहते. सरकारी भाषेत त्याला उपजत मृत्यू म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २० लाख बाळं २८ आठवड्यांनंतर मृत जन्मतात आणि त्यांतली ४० टक्क्यांहून अधिक कळा सुरू झाल्यानंतर दगावतात, म्हणजे बाई दवाखान्याच्या टेबलावर किंवा वाटेत असताना. २०१९ या एका वर्षात भारतातला हा आकडा ३ लाख ४० हजारांच्या आसपास होता, दर हजारी सुमारे १४. आपल्या नमुना नोंदणी पाहणीत मात्र हा दर हजारी ३-४ एवढाच दिसतो. एवढं अंतर पडतं, कारण मेलेलं बाळ मोजायला कुणी उत्सुक नसतं. जन्मून दोन श्वास घेतलेलं बाळ कधी मृत जन्मलं म्हणून लिहिलं जातं, आणि मृत जन्मलेलं कधी लिहिलंच जात नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात त्यासाठी वेगळा नमुना आहे. त्यात बाळाचं लिंग, आईचं वय, तिचं शिक्षण, गरोदरपणाचे आठवडे, मृत्यूचं कारण असे रकाने आहेत. बाळाच्या नावाला रकाना नाही.

कळांच्या काळातले मृत्यू टाळणं हे फार गुंतागुंतीचं शास्त्र नाही, पण माणसांचा अखंड पहारा लागतो. कळा जोरात असताना दर १५ ते ३० मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे आणि बाळ खाली सरकून बाई जोर करू लागली की दर ५ मिनिटांनी. जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास सुरू करायचा. एकाच नर्सच्या हाती चार-चार टेबलं असतील तर हे ठोके कोण ऐकणार? त्यात कळा वाढवायचं इंजेक्शन, ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं, ते घाईने टोचून मोकळं होण्याची सवय. राज्यात ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, हे यश खरंच मोठं आहे. आता टेबलापाशी कोण उभं आहे, हे विचारायला हवं.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली. १७ बाळं होती, ७ वाचवता आली, १० गेली. बाळाला ‘काचेत ठेवलंय’ म्हणून निर्धास्त झालेल्या त्या आया होत्या. मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी बसली, सगळा महाराष्ट्र हळहळला. एकेकट्याने गेलेल्या बाळाच्या घरी कुणीही येत नाही. आणि अशी घरं कितीतरी पटींनी जास्त आहेत.

त्या घरात बाईला काय ऐकायला मिळतं? “तरुण आहेस, वर्षभरात दुसरं होईल.” “लळा लागायच्या आत गेलं, बरंच झालं म्हणायचं.” “रडू नको, कानात वारं जाईल.” बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, यात मला शंका नाही. पण नऊ महिने पोटात वागवलेल्या जिवाचा लळा केव्हाच लागलेला असतो. दवाखान्यात तर ती बहुधा त्याच वॉर्डात, इतर बाळांच्या रडण्यात पडून असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते आणि दूध कपड्यांतून झिरपू लागतं. हे होणार आहे, एवढंही तिला आधी कुणी सांगत नाही. नीट बसणारी आतली चोळी, गार पट्ट्या, गरजेपुरतंच थोडं दूध काढणं, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, हे तिला सांगायला दोन मिनिटं लागतात. कुणाची इच्छा असेल तर ते दूध दानही करता येतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि कमी दिवसांच्या बाळांना देतात. पण हा पर्याय हळुवारपणे पुढे ठेवायचा असतो. दानाची सक्ती कुठल्याही दुःखी बाईवर होऊ नये.

बाळ पाहायचं का, हातात घ्यायचं का, हाही प्रश्न आपण तिच्या वतीने परस्पर सोडवून टाकतो. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने मृत बाळ हातात घेतलेल्या आयांमध्ये पुढे नैराश्य जास्त दिसतं असं म्हटलं होतं आणि त्यावर बराच वाद झाला. नंतरच्या अनेक अभ्यासांत पुष्कळ आयांनी बाळ पाहिल्याचं समाधान सांगितलं आणि न पाहिल्याची खंतही. आज जाणकार मंडळी ज्या ठिकाणी आली आहेत ते मला पटतं: आग्रह करायचा नाही, पण विचारायचं. एकदा नाही म्हणाली तर तासाभराने पुन्हा विचारायचं. बापालाही विचारायचं, तो कागदपत्रं आणि गाडीच्या मागे लागलेला असतो, म्हणून त्याला दुःख नाही असं नव्हे.

कायद्यात एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही धरलं, म्हणजे त्या बाळंतपणालाही प्रसूतीची रजा लागू झाली. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये आदेश निघाला: बाळ मृत जन्मलं किंवा २८ दिवसांच्या आत गेलं तर अटींनुसार ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा. आईच्या मनावर होणाऱ्या आघाताचा विचार त्यात आहे. पण ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर बाळंत झालेल्या बाईला यातला एकही दिवस मिळत नाही. कोयत्याची उचल फिटलेली नसते.

आणि मृत्यूचं कारण? बालमृत्यू झाला की घरी जाऊन चौकशी करायची पद्धत आपल्याकडे २०१४ पासून लेखी स्वरूपात आहे, मातामृत्यूंची त्याआधीपासूनच. ताप कधी आला, दवाखान्यात जायचं कधी ठरलं, गाडी किती वेळाने मिळाली, पोचल्यावर उपचार कधी सुरू झाले, असे प्रश्न विचारतात. अतिशय योग्य प्रश्न आहेत; विलंब कुठे झाला ते त्यातूनच कळतं. ही माहिती तालुक्याला, जिल्ह्याला जाते, समिती बसते, निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष उत्तरं देणाऱ्या आईपर्यंत परत येत नाही. इंग्लंडमध्ये २०१८ पासून वापरात आलेल्या अशाच चौकशी-पद्धतीत आईवडिलांचे प्रश्न आधी विचारून घेतात आणि अहवालात त्यांची उत्तरं द्यावी लागतात. तिथेही आयाबापांना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

कारण कळण्याची गरज केवळ मनाच्या शांतीपुरती नाही. एकदा उपजत मृत्यू झालेल्या बाईला पुढच्या गरोदरपणात त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रक्तदाब होता का, साखर होती का, रक्तगट निगेटिव्ह आहे का, बाळाची वाढ खुंटली होती का, हे लिहिलेला एक कागद तिच्या पिशवीत असेल तर पुढचा डॉक्टर पहिल्या भेटीपासून सावध होईल. आज तिच्या पिशवीत बहुधा डिस्चार्जचा कागद असतो आणि मनात सटवाईचा लेख, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे सासरच्यांनी लावलेला बोल: जड उचललंस, ग्रहणात बाहेर पडलीस.

राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशाताई आहेत. रस्ता माहीत, घर माहीत, दिवस ठरलेले. मला हवा आहे तो बदल एवढाच: बाळ गेलं तरी त्या भेटी चालू राहाव्यात, त्यांचा मोबदला पुरा मिळावा, आणि तक्त्यावर आईसाठी चार ओळी छापाव्यात. तिसऱ्या-सातव्या दिवशी रक्तस्राव, ताप, छाती, टाके. चौदाव्या दिवशी झोप, जेवण, आणि जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्न सासूला बाहेर पाठवून विचारलेला. एकविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी पाळणा लांबवण्याचं बोलणं, नवऱ्यासकट. बेचाळिसाव्या दिवशी चौकशी समितीने काय शोधलं ते मराठीत लिहिलेला कागद, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या सहीचा, आणि तो वाचून दाखवण्यापुरता वेळ. बाळाचं नाव काय ठेवणार होता, हेही पहिल्याच भेटीत विचारावं आणि ते तक्त्यावर लिहावं.