कुत्र्यांमधील अन्नाची ॲलर्जी

कुत्र्यांमधील अन्नाची ॲलर्जी म्हणजे आहारातील एखाद्या घटकाला, बहुधा एखाद्या प्रथिनाला, कुत्र्याच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने दिलेली अवाजवी व अपायकारक प्रतिक्रिया होय. माणसांत अन्नाची ॲलर्जी म्हटले की अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास कोंडणे ही लक्षणे डोळ्यांसमोर येतात. कुत्र्यांत मात्र तिचे मुख्य लक्षण त्वचेची वर्षभर टिकणारी खाज हे असते. खाज हे अनेक त्वचाविकारांचे समान लक्षण असल्याने केवळ बाह्य तपासणीवरून हा विकार ओळखता येत नाही. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेली आहारचाचणी हाच त्याच्या निदानाचा विश्वासार्ह मार्ग मानला जातो.

संज्ञा व व्याप्ती

'ॲलर्जी' ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये मांडली. अन्नामुळे होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जी नसतो. दुधातील शर्करा न पचल्यामुळे होणारा अतिसार ही असहिष्णुता आहे. तिच्यात रोगप्रतिकारक यंत्रणेचा सहभाग नसतो. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका यांमुळे कुत्र्याला होणारा अपाय ही विषबाधा आहे. ती ॲलर्जी नसलेल्या कुत्र्यालाही होते.

अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण सामान्य समजुतीपेक्षा कमी आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार कोणत्याही आजारासाठी पशुवैद्यकाकडे आणलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे १ ते २ टक्के कुत्र्यांना ती असते. खाजेची तक्रार असलेल्या कुत्र्यांत मात्र हे प्रमाण ९ ते ४० टक्क्यांपर्यंत आढळते.

कारणे व यंत्रणा

निरोगी कुत्र्याच्या आतड्यातील रोगप्रतिकारक यंत्रणा अन्नातील परक्या प्रथिनांना निरुपद्रवी मानून सोडून देते. ही सहनशीलता ढळली की शरीर एखाद्या प्रथिनाविरुद्ध सज्ज होते. या प्रक्रियेस संवेदनीकरण म्हणतात. त्यानंतर तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले असता प्रतिपिंड व श्वेतपेशी यांच्यामार्फत दाह निर्माण होतो व खाज सुटते. संवेदनीकरणासाठी त्या प्रथिनाशी आधी संपर्क यावा लागतो. म्हणूनच अनेक महिने किंवा वर्षे विनातक्रार खाल्लेल्या अन्नाचीही ॲलर्जी उद्भवू शकते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांपैकी ३४ टक्के कुत्र्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडीचे मांस, १३ टक्क्यांना गहू आणि ५ टक्क्यांना मेंढीचे मांस बाधत असल्याचे आढळले. काही कुत्र्यांना एकापेक्षा अधिक घटक बाधत होते. या आकड्यांवरून गोमांस मुळातच इतर अन्नापेक्षा अधिक घातक ठरत नाही. पाहणीतील कुत्र्यांच्या आहाराचे प्रतिबिंबही त्यांत पडलेले असते. महाराष्ट्रात पाळीव कुत्र्यांना दूध-पोळी, दहीभात, अंडी, कोंबडीचे मांस व गव्हाची बिस्किटे सर्रास दिली जातात. त्यामुळे येथील कुत्र्याच्या बाबतीत संशयाचा आरंभ त्याच्या रोजच्या ताटलीपासून करावा लागतो.

जवळच्या प्राण्यांची प्रथिने एकमेकांशी साम्य दाखवतात. गाईचे दूध, गोमांस व मेंढीचे मांस यांतील सामाईक प्रथिनांमुळे एकाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दुसरेही बाधू शकते. म्हणून गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे दूध देणे याला अन्नबदल म्हणता येत नाही.

लक्षणे

खाज प्रामुख्याने पंजे, कान, तोंडाचा भाग, काखा, पोटाचा खालचा भाग आणि गुदद्वाराभोवती असते. कुत्रा पंजे सतत चाटतो, कान खाजवतो, तोंड जमिनीवर घासतो किंवा मागचा भाग जमिनीवर फरफटत नेतो. सतत चाटल्याने फिकट रंगाच्या केसांवर लालसर तपकिरी डाग पडतात. एका किंवा दोन्ही कानांना वारंवार होणारा संसर्ग हे काही कुत्र्यांतील एकमेव लक्षण असते. उलट्या, पातळ शौच, पोटात गुडगुडणे व दिवसातून अनेकदा शौचास होणे ही पचनसंस्थेची लक्षणेही काहींत दिसतात.

हा विकार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो; तथापि बऱ्याच कुत्र्यांत तो वयाच्या पहिल्या वर्षातच दिसू लागतो. खाजवल्याने त्वचेवर जखमा होतात व त्यांत स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू किंवा मॅलॅसेझिया हे यीस्ट वाढते. त्वचेला वास येतो, ती जाड व काळसर होते, केस गळतात. या दुय्यम संसर्गामुळे खाज आणखी वाढते. दीर्घकाळ खाज असलेल्या कुत्र्याची झोप मोडते व स्वभावात चिडचिडेपणा येतो. त्याला स्पर्श करू पाहणाऱ्या मुलांवर तो गुरगुरू लागतो. आजाराचे हे लक्षण पुष्कळदा वाईट सवय समजून दुर्लक्षिले जाते.

खाजेची इतर कारणे

आहाराकडे वळण्यापूर्वी खाजेची अधिक नेहमीची कारणे वगळावी लागतात.

पिसवा: पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही तीव्र खाज आणतात. कंबर, शेपटीचे मूळ व मांड्यांची मागील बाजू येथे ती जास्त असते. उबदार व दमट हवामानात पिसवा वर्षभर टिकतात.

खरूज: सूक्ष्म किडीमुळे होणारा हा सांसर्गिक रोग कानांच्या कडा, कोपरे व पोट येथे प्रथम दिसतो. घरातील माणसांनाही त्यामुळे तात्पुरती खाज सुटू शकते.

ॲटोपिक त्वचादाह: घरातील धुळीतील किडी, परागकण व बुरशी यांच्या ॲलर्जीमुळे तो होतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग इत्यादी जातींत तो अधिक आढळतो. अन्नाच्या ॲलर्जीपासून तो केवळ लक्षणांवरून वेगळा ओळखता येत नाही आणि एकाच कुत्र्यात दोन्ही विकार असू शकतात.

निदान

रक्त, लाळ किंवा केसांच्या नमुन्यावरून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या बाजारात उपलब्ध आहेत. निरोगी कुत्र्यांतही त्या सकारात्मक येऊ शकतात. त्यामुळे निदानासाठी त्या भरवशाच्या ठरत नाहीत. आहारचाचणी पुढील टप्प्यांत केली जाते.

१. पूर्वतयारी: पिसवा व इतर परजीवींवर औषधोपचार करून त्वचा व कानांतील संसर्ग बरा केला जातो. कुत्र्याने आजवर खाल्लेल्या सर्व पदार्थांची यादी केली जाते.

२. वर्ज्य काळ: कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन व एक पिष्टमय पदार्थ यांचा आहार, किंवा जलविघटित प्रथिनांचा पशुवैद्यकीय आहार दिला जातो. जलविघटित प्रथिने म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेला ओळखता येऊ नयेत इतक्या लहान तुकड्यांत विघटित केलेली प्रथिने. हा काळ किमान ८ आठवड्यांचा असावा लागतो. अन्नाची ॲलर्जी असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत एवढ्या काळात सुधारणा दिसते. दोन-तीन आठवड्यांत चाचणी सोडल्यास खरा रुग्णही निसटतो.

३. पुनर्परीक्षा: सुधारणा झाल्यावर जुना आहार पुन्हा सुरू केला जातो. बहुतेक बाधित कुत्र्यांत १४ दिवसांच्या आत खाज परत येते व वर्ज्य आहार दिल्यावर पुन्हा शमते. हा टप्पा टाळल्यास खाज आहारामुळे कमी झाली, संसर्ग बरा झाल्याने की ऋतू पालटल्याने, हे सांगता येत नाही.

४. घटकशोध: त्यानंतर एकेक पदार्थ सुमारे दोन आठवडे देऊन नेमका बाधक घटक शोधला जातो.

चाचणी फसण्याचे मुख्य कारण घरातच असते. चहाबरोबर दिलेले बिस्किट, लहान मुलाच्या हातून सांडलेला घास, शेजाऱ्याने लाडाने दिलेली पोळी, मांसाचा स्वाद असलेली चघळण्याची जंतनाशक गोळी किंवा हाडाच्या आकाराचे चघळण्याचे खेळणे यांपैकी काहीही निष्कर्ष बिघडवू शकते. मोकाट सोडलेल्या कुत्र्यावर ही चाचणी यशस्वी होणे कठीण असते. दुकानात मिळणाऱ्या साध्या तयार खाद्यांत वेष्टनावर न लिहिलेली प्रथिने सापडल्याचे अनेक तपासण्यांत दिसून आले आहे. म्हणून वेष्टनावरील 'एकच प्रथिन' या दाव्यावर चाचणीसाठी विसंबता येत नाही.

उपचार व आहारव्यवस्था

बाधक घटक कायमचा वर्ज्य करणे हाच मूळ उपचार आहे. चाचणीच्या सुरुवातीस खाज असह्य असल्यास पशुवैद्यक प्रेडनिसोलोन किंवा ओक्लासिटिनिब यांसारखे औषध थोडे दिवस देऊ शकतात. मात्र ते थांबवल्यानंतरचा काळही चाचणीत धरावा लागतो. कारण न शोधता स्टेरॉइड दीर्घकाळ चालू ठेवल्यास तहान व लघवीचे प्रमाण वाढणे, स्नायू क्षीण होणे व संसर्गाला बळी पडणे असे परिणाम होतात. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते.

घरी शिजवलेला मर्यादित आहार प्रौढ कुत्र्याला चाचणीपुरता चालू शकतो. पिलांना मात्र केवळ मांस-भात दिल्यास कॅल्शियम व इतर पोषकद्रव्यांची उणीव होऊन हाडांची वाढ बिघडते. दीर्घकालीन घरगुती आहार तज्ज्ञाकडून संतुलित करून घेणे आवश्यक असते. त्वचेवर रॉकेल, फिनाइल किंवा वाहनाचे वापरलेले तेल लावण्याची प्रथा घातक आहे. हे पदार्थ त्वचेला भाजतात व चाटल्यामुळे पोटात जातात.

चेहरा एकाएकी सुजणे, अंगभर गांधी उठणे, वारंवार उलट्या होणे किंवा कुत्रा कोसळणे ही तीव्र प्रतिक्रियेची चिन्हे असून त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात.

गैरसमज

खाज सुटली की खाद्याची कंपनी बदलणे हा सार्वत्रिक प्रघात आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खाद्यांत बहुधा कोंबडी, गहू इत्यादी तेच घटक असतात. शिवाय प्रत्येक बदलात कुत्र्याला एखाद्या नव्या प्रथिनाची ओळख होते व पुढे चाचणीसाठी वापरता येईल असे अपरिचित प्रथिन उरत नाही.

धान्यविरहित खाद्य ॲलर्जीवरील उपाय म्हणून विकले जाते. प्रत्यक्षात प्राणिज प्रथिनांची ॲलर्जी धान्यांपेक्षा अधिक आढळते. कडधान्यांचे प्रमाण अधिक असलेली अशी खाद्ये व कुत्र्यांतील हृदयस्नायूंचा एक विकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केले होते. हा कार्यकारणसंबंध निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही.

अन्नाची ॲलर्जी पूर्णपणे नाहीशी करणारे औषध उपलब्ध नाही. तथापि बाधक घटक निश्चित होऊन तो घरातील सर्वांनी कटाक्षाने टाळल्यास, दुसरा त्वचाविकार नसलेला कुत्रा औषधांविना सामान्य आयुष्य जगू शकतो.