जीपचे मडगार्ड आणि त्यामागून येणारे बदल

जीपच्या पुढच्या चाकांवर जे सपाट पत्रे असतात त्यांना अमेरिकेत फेंडर म्हणतात, इंग्लंडमध्ये विंग म्हणजे पंख म्हणतात आणि भारतातील गॅरेजांत मडगार्ड म्हणतात. या तीन नावांपैकी मडगार्ड हे नाव त्या भागाच्या कामाशी सर्वांत प्रामाणिक आहे. फिरणारे चाक रस्त्यावरील चिखल, पाणी आणि खडे उचलते व आपल्या कडेवरून बाहेर भिरकावते. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर चाकावरून सुटणारा खडाही गाडीच्या सापेक्ष जवळजवळ त्याच वेगाने सुटतो. तो चालकाच्या तोंडावर, इंजिनावर अथवा मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या अंगावर जाऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रा असतो. त्याला शोभेची वस्तू समजण्याची प्रथा पुढे पडली, आणि खडबडीत वाटांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये हौसेने जे फेरफार केले जातात त्यांची सुरुवात पुष्कळदा याच पत्र्यापासून होते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. या गाड्यांचे मडगार्ड सपाट होते. सपाट पत्रा कापणे व वाकवणे सोपे, त्याचा आकार बिघडला तर तो हातोडीने सरळ करणेही सोपे. शिवाय त्यावर नकाशा पसरता येई, जेवणाचा डबा ठेवता येई आणि प्रसंगी एखादा सैनिकही बसू शके. युद्धानंतर, १९४७ पासून, महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५५ साली गोलसर मडगार्डांची नवी जीप आली. भारतात मात्र सपाट मडगार्डांची जीप पुढे कित्येक दशके तयार होत राहिली. बांधकाम खात्याची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप, चहाच्या मळ्यातील व्यवस्थापकाची जीप अशा निरनिराळ्या रूपांत तिने देशाचा कानाकोपरा पाहिला. म्हणूनच जुन्या जीपला नवे मडगार्ड घालण्याची कला भारतात जुनी आहे. हरियाणा व पंजाब यांच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव तर लष्कराने निकालात काढलेल्या जीपा घेऊन त्यांची नव्याने बांधणी करण्यासाठीच प्रसिद्ध झाले.

मडगार्ड बदलण्याची कारणे मुख्यतः दोन. पहिले कारण गंज. पत्र्याच्या दुमडलेल्या कडेत ओला चिखल साचतो, तो वाळत नाही, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरून रंग शाबूत दिसतो. बोटाने दाबले की पापडासारखा तुकडा निघतो. असा पत्रा काढून त्याच मापाचा नवा बसवणे ही दुरुस्ती होय, आणि तिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. मालकाला मोठे टायर हवे असतात. मोठे टायर जुन्या मडगार्डाखाली मावत नाहीत, म्हणून मडगार्ड कापावे लागते अथवा त्याजागी उंच, रुंद असे दुसरे बसवावे लागते. येथे एक साधा हिशेब समजून घेतला पाहिजे. जुन्या जीपच्या टायरचा व्यास सुमारे २८ इंच असे. त्याऐवजी ३१ इंच व्यासाचे टायर घातले, तर गाडी तीन इंचांनी उंच होत नाही; ती व्यासाच्या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे दीड इंचाने उंच होते. पण हा दीड इंच मोलाचा असतो, कारण आसाच्या मध्यभागी जो डिफरन्शियलचा गोळा लोंबत असतो तोही तेवढाच वर उचलला जातो. दगडावर आपटतो तो बहुधा हाच गोळा. उलट, टायर तेच ठेवून स्प्रिंगांचे पाटे बदलून गाडी चार इंच उंच केली, तर गाडीचे धड उंच दिसते, पाहणाऱ्यावर छाप पडते, आणि तो गोळा जमिनीपासून पूर्वी होता तितक्याच अंतरावर राहतो. आस चाकांना बांधलेला असतो, धडाला नव्हे. हा भेद ध्यानात न आल्यामुळे पुष्कळांचा पैसा वाया जातो.

मोठ्या टायरची किंमत मात्र केवळ दुकानात चुकवून भागत नाही. व्यास ११ टक्क्यांनी वाढला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी ११ टक्के अधिक अंतर कापते. वेगदर्शकाला ते कळत नाही; तो ६० दाखवत असताना गाडी ताशी ६६ किलोमीटरहून किंचित अधिक वेगाने धावत असते. इंजिनाच्या दृष्टीने पाहता सर्व गिअर तेवढ्याच प्रमाणात जड होतात, म्हणजे ज्या चढासाठी हा खटाटोप केला त्याच चढावर गाडी दमते. ब्रेकचेही तसेच. ब्रेक चाकाच्या मध्याशी लागतो आणि रस्ता चाकाच्या कडेशी असतो. मधले अंतर वाढले की तेवढ्याच ब्रेकने गाडी थांबवण्याचे बळ घटते. टायर रुंद असून बाहेर सरकलेले असतील, तर चाकाच्या बेअरिंगांवर तिरका भार पडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकले जाते. मडगार्ड कापण्यास निघालेला मालक अशा रीतीने नकळत ब्रेक, गिअर आणि बेअरिंगे यांच्याही कामात हात घालीत असतो.

हे सारे पत्करून काम करावयाचेच ठरले, तर मापापासून सुरुवात करावी. गाडी सपाट जमिनीवर उभी करून टायर आणि मडगार्ड यांतील अंतर मोजणे पुरेसे नाही. खडबडीत वाटेवर एक चाक वर चढते, समोरचे दुसरे खाली लोंबते, आणि त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळलेले असू शकते. म्हणून एका पुढच्या चाकाखाली जॅक लावून ते स्प्रिंगेच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर दाबावे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस शेवटापर्यंत फिरवावे, आणि टायर जेथे जेथे घासेल तेथे खडूने खूण करावी. या खुणेबाहेर आणखी दोन बोटे जागा सोडावी लागते, ती चिखलासाठी. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यात ज्याने सायकल खांद्यावर वाहून नेली आहे त्याला याचे कारण सांगावयास नको. मडगार्ड टायरच्या फार जवळ असले, की चिकट माती दोहोंच्या मध्ये भरून चाकच थांबवते.

जुने मडगार्ड काढताना घाई उपयोगी नाही. सपाट मडगार्डांच्या जीपमध्ये ते एका बाजूने पुढच्या जाळीला आणि दुसऱ्या बाजूने इंजिनामागच्या उभ्या पडद्याला बोल्टांनी जोडलेले असते. हे बोल्ट वर्षानुवर्षे पाण्यात राहून जाम झालेले असतात. त्यांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. एकदम जोर केला तर बोल्ट मध्येच तुटतो आणि उरलेला तुकडा भोक पाडून काढण्यात दिवस जातो. दोन्ही मडगार्ड एकाच वेळी काढू नयेत. जाळी सरळ राहण्यास त्यांचाही आधार असतो; दोन्ही निघाले की जाळी किंचित कलते आणि मग बोनेट कितीही प्रयत्न केला तरी नीट बसत नाही.

नवे मडगार्ड लोखंडी पत्र्याचे असू शकते, काचतंतूचे असू शकते, अथवा जुने मडगार्ड कापून त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा रुंद काठ जोडता येतो. २०२० साली बाजारात आलेल्या महिंद्र थारमध्ये असे काळे काठ कारखान्यातूनच बसून येतात. काही हौशी मंडळी वाकवलेल्या लोखंडी नळ्यांचे उघडे मडगार्ड पसंत करतात. झाडाला अथवा खडकाला घासले तरी ते चेपत नाही हा त्याचा गुण खरा. परंतु आतील पत्रा गेल्यामुळे चाकाने उडवलेले पाणी थेट पंख्याच्या पट्ट्यावर आणि पेट्रोल इंजिनाच्या विजेच्या तारांवर येते. ओढा ओलांडताना गाडी बंद पडली, की नळ्यांच्या मजबुतीचे कौतुक ओसरते.

कापलेल्या कडेची निगा हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पत्रा जेथे कापला अथवा भोक पाडले तेथे उघडे लोखंड हवेला लागते. ती कड कानशीने घासून, रेड ऑक्साइड लावून, ते वाळल्यावर रंग द्यावा आणि मगच काठ चढवावा. काठ व पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी घालतात. तीत खालच्या टोकाला पाणी निघण्यास वाट ठेवावी, नाहीतर पट्टीच पाणी धरून ठेवते आणि दोन पावसाळ्यांत नव्या काठामागे जुना गंज हजर होतो. प्लॅस्टिक अथवा काचतंतूच्या भोकांत मोठे वायसर घालावेत, म्हणजे बोल्टाचा ताण थोड्या जागेवर येऊन तडा जात नाही. सगळे बोल्ट प्रथम सैल ठेवून बोनेट लावून पाहावे, फट दोन्ही बाजूंनी सारखी आल्यावर ते थोडे थोडे करून आवळावेत.

वळणाचे दिवे मडगार्डावर असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. लोखंडी मडगार्डात दिव्याचा विद्युत्प्रवाह पत्र्यातूनच परत जातो, म्हणून दिव्याला एकच तार पुरते. काचतंतूतून वीज वाहत नाही. तेथे परतीची दुसरी तार सांगाड्यापर्यंत न्यावीच लागते. नवे मडगार्ड घातल्यापासून दिवा लागत नाही अथवा मंद लागतो, या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

पत्रा लोखंडाचा नसला म्हणजे गंजाची चिंता संपली असेही नाही. १९४८ साली इंग्लंडमध्ये लँड रोव्हर तयार झाली तेव्हा युद्धोत्तर पोलादटंचाईमुळे तिचे धड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंज्यांग ते संदकफू ही सुमारे ३० किलोमीटरची चढणीची वाट आहे. संदकफूची उंची ३,६३६ मीटर. या वाटेवर १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या अर्धशतकाहून अधिक काळ माणसे आणि माल वाहत आल्या. त्यांचे पत्रे तांबड्या गंजाने झडले नाहीत. पण अॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट असला आणि दोहोंना पाण्याचा स्पर्श झाला, की तेथे सूक्ष्म विद्युत्क्रिया सुरू होते आणि बोल्टाभोवतालचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झिजतो. म्हणून अशा जागी दोन धातूंच्या मध्ये रबर अथवा प्लॅस्टिकचा वायसर घालतात. या गाड्यांपैकी पुष्कळांची मूळ इंजिने केव्हाच थकली आणि त्यांच्या जागी भारतीय डिझेल इंजिने आली. तेथील चालकांनी केलेले हे बदल हौसेचे नव्हते. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची मिळकत बुडणार होती.

हौस आणि गरज यांतील ही सीमा कायद्यालाही आखावी लागली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लहानसहान जोडण्यांना हे लागू नाही. त्याच मापाचे मडगार्ड बदलणे आणि गाडीचे धड कापून नवे उभे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधला प्रदेश धूसर आहे, आणि पत्र्याला करवत लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे. विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर कळवण्याने दावा अडतो.

पुढच्या बाजूस लावल्या जाणाऱ्या जाड लोखंडी संरक्षक दांड्यांविषयी मात्र धूसरपणा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने त्यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले. कारण समजण्यासारखे आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा अशाच बेताने रचलेला असतो. धक्क्याचा जोर त्या चेपण्यात खर्ची पडतो. ताठ दांडा तो जोर थेट सांगाड्यात नेतो, हवेच्या पिशव्या उघडण्याची वेळ चुकवू शकतो, आणि समोर पायी चालणारा मनुष्य असेल तर त्याला पत्र्याऐवजी लोखंड लागते. चढावर अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी सांगाड्याला पक्के बसवलेले दोन हूक याहून कितीतरी उपयोगी पडतात, आणि त्यांची किंमतही थोडी असते.

काम पुरे झाल्यावर गाडी एकदा रिकामी आणि एकदा भरलेली चालवून पाहावी. भरलेल्या गाडीचे पाटे दबतात आणि रिकाम्या गाडीत न घासणारा टायर घासू लागतो. तसे झाल्यास मडगार्डाच्या आतल्या बाजूला रबराची काळी रेघ उमटते. तीनचारशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून आवळावेत, कारण नवा रंग आणि नवी रबरी पट्टी दबून ते सैल झालेले असतात. मग ओल्या कच्च्या रस्त्यावर सावकाश एक फेरी मारावी आणि चिखल कोठे उडाला ते पाहावे. दारावर असेल तर काठ रुंदीला कमी पडला. समोरच्या काचेवर असेल तर मडगार्डाचे पुढचे टोक आणखी खाली यावयास हवे होते. आणि मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांवर असेल, तर मागच्या चाकांमागची रबरी झडप, जी मोठे टायर घालताना बहुतेक मालक काढून टाकतात, ती पुन्हा लावावी.