यशस्वी प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठाची वाट का धरतो?

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीचा हंगाम एप्रिलच्या पूर्वार्धात संपतो आणि त्याच सुमारास तर्कवितर्कांचा दुसरा हंगाम सुरू होतो. एखाद्या लहान विद्यापीठाच्या संघाने लागोपाठ दोन-तीन वर्षे चांगली कामगिरी केली, की त्याच्या प्रशिक्षकाचे नाव प्रत्येक रिकाम्या जागेशी जोडले जाते. तो जाणार की राहणार, हा प्रश्न वरवर एका व्यक्तीच्या नोकरीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यावर पंचवीसेक तरुण खेळाडूंचे शिक्षण, एका गावाची हिवाळ्यातील करमणूक आणि अनेकदा विद्यापीठाची देशभरातील ओळख अवलंबून असते.

भारतीय वाचकाच्या मनात हॉकी म्हणजे हिरवे मैदान आणि चेंडू. येथे चर्चा आहे ती बर्फावर, स्केट घालून, रबरी चकतीने खेळल्या जाणाऱ्या हॉकीची. ‘एनसीएए’ या संघटनेच्या सर्वोच्च श्रेणीत पुरुषांचे साठाहून अधिक संघ आहेत. त्यांपैकी १६ संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात आणि अखेरच्या चार संघांच्या टप्प्याला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. या खेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय प्रशिक्षकांची ये-जा समजत नाही. अमेरिकी फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये मोठी विद्यापीठे मोठ्यांशी आणि लहान विद्यापीठे लहानांशी खेळतात. हॉकीत मात्र इतर सर्व खेळांत दुसऱ्या श्रेणीत असलेले विद्यापीठ थेट मिशिगन किंवा मिनेसोटासारख्या बलाढ्य संस्थेला हरवू शकते, आणि हरवतेही. मैदानावर बरोबरी असते, तिजोरीत नसते.

माइक हेस्टिंग्ज यांचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. मिनेसोटा राज्यातील मँकेटो या शहरात मिनेसोटा स्टेट विद्यापीठ आहे. हेस्टिंग्ज २०१२ मध्ये तेथे आले. त्यापूर्वी ओमाहा येथील कनिष्ठ गटाच्या संघाला त्यांनी ५०० हून अधिक विजय मिळवून दिले होते. मँकेटोमध्ये त्यांनी नियमित हंगामात दबदबा निर्माण केला, परंतु राष्ट्रीय स्पर्धेत संघ पहिल्याच सामन्यात गारद होत असे. हा शिक्का अखेर २०२१ मध्ये पुसला गेला. त्या वर्षी क्विनिपियाकला हरवून विद्यापीठाने या स्पर्धेतील आपला पहिला विजय नोंदवला आणि पुढे ‘फ्रोझन फोर’ गाठले. २०२२ मध्ये तर उपांत्य फेरीत शेजारच्या मिनेसोटा विद्यापीठाचा ५-१ असा पराभव करून संघ अंतिम सामन्यात पोहोचला. बोस्टन येथील त्या सामन्यात डेन्व्हरविरुद्ध दोन सत्रे संपेपर्यंत मँकेटोचा संघ १-० ने पुढे होता. शेवटच्या २० मिनिटांत डेन्व्हरने पाच गोल केले. विजेतेपद इतके जवळ येऊन निसटणे क्वचितच घडते.

त्यानंतर एक वर्षाने, मार्च २०२३ मध्ये, शेजारच्या राज्यातील विस्कॉन्सिन विद्यापीठाने आपले प्रशिक्षक टोनी ग्रॅनॅटो यांना पदावरून दूर केले. महिना संपता संपता हेस्टिंग्ज तेथे रुजू झाल्याची घोषणा झाली.

असे का घडते? पगार हे पहिले उत्तर, पण ते अपुरे आहे. विस्कॉन्सिन हे ‘बिग टेन’ या विद्यापीठ-समूहाचे सदस्य आहे. या समूहाने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलेला दूरचित्रवाणी करार सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता. हा पैसा मुख्यतः फुटबॉलमुळे येतो, परंतु त्याचा लाभ हॉकीच्या सरावगृहाला, प्रवासखर्चाला आणि सहायकांच्या वेतनालाही होतो. मँकेटोतील हॉकीगृहात सुमारे पाच हजार प्रेक्षक बसतात, तर मॅडिसन येथील ‘कोल सेंटर’मध्ये हॉकीसाठी १५ हजारांहून अधिक. शिवाय विस्कॉन्सिनच्या नावावर सहा राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. त्यांतील शेवटचे २००६ चे, म्हणजे बरेच जुने. वैभव पूर्वीचे आणि दुरवस्था आजची, अशी जागा महत्त्वाकांक्षी प्रशिक्षकाला खुणावते, कारण तेथे थोडी सुधारणाही लोकांच्या डोळ्यांत भरते.

आणखी एक कारण व्यवस्थेत दडलेले आहे आणि त्याची चर्चा कमी होते. २०१३ पर्यंत मँकेटो, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन एकाच गटात खेळत असत. पेन स्टेट विद्यापीठाने सर्वोच्च श्रेणीत संघ उतरवल्यावर ‘बिग टेन’ला स्वतःची हॉकी स्पर्धा सुरू करता आली. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन तिकडे गेले, अन्य काही प्रबळ संघांनी वेगळा गट स्थापन केला, आणि मँकेटो मागे उरले. म्हणजे हेस्टिंग्ज यांनी संघ जितका वर नेला, तितकेच त्याच्याभोवतीचे प्रतिस्पर्धी दुबळे झाले. दुबळ्या गटातील विजयांना राष्ट्रीय क्रमवारीत कमी वजन मिळते आणि चुकीला जागा उरत नाही. अशा ठिकाणी दहा-अकरा वर्षे राहिलेल्या माणसाला ‘निष्ठा नाही’ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

प्रशिक्षक गेल्यावर काय होते, हा चाहत्यांच्या काळजीचा खरा विषय. करार मोडताना सामान्यतः नवे विद्यापीठ किंवा प्रशिक्षक स्वतः जुन्या विद्यापीठाला ठरलेली भरपाई देतो. त्यामुळे तिजोरीचे नुकसान काहीसे भरून निघते. खेळाडूंचे तसे नाही. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ पासून ही अट सैल झाली, आणि मुख्य प्रशिक्षक बदलल्यास त्या संघातील खेळाडूंना ठरावीक मुदतीत ‘ट्रान्सफर पोर्टल’मध्ये नाव नोंदवण्याची खास सवलत मिळू लागली. परिणामी आता प्रशिक्षक एकटा जात नाही. हेस्टिंग्ज यांच्यामागोमाग मँकेटोचे काही खेळाडूही मॅडिसनला गेले. जे राहिले, त्यांना आपल्याला ज्याने निवडले त्याच्याऐवजी अनोळखी माणसासमोर पुन्हा स्वतःला सिद्ध करावे लागले. अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही.

तरीही जाण्याने दोन्ही घरे उजाड होतात असे इतिहास सांगत नाही. नेट लीमन यांनी न्यूयॉर्क राज्यातील युनियन या छोट्या महाविद्यालयाचा संघ घडवला आणि २०११ मध्ये ते प्रॉव्हिडन्सला गेले. त्यांचे सहकारी रिक बेनेट यांनी सूत्रे हाती घेतली. २०१४ मध्ये युनियनने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, आणि पुढच्याच वर्षी लीमन यांच्या प्रॉव्हिडन्सने. ग्रेग कार्व्हेल यांची गोष्ट याहून धाडसाची. ज्या सेंट लॉरेन्स विद्यापीठात ते स्वतः शिकले, तेथील पद सोडून त्यांनी २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा रडतखडत चाललेला संघ स्वीकारला. पहिल्या हंगामात त्यांना अवघे पाच विजय मिळाले. २०२१ मध्ये तोच संघ राष्ट्रीय विजेता होता. त्या अंतिम सामन्यात त्यांनी हरवलेला सेंट क्लाउड स्टेटचा संघही प्रशिक्षक गमावलेला होता. बॉब मॉट्झ्को २०१८ मध्ये त्याला सोडून मिनेसोटा विद्यापीठात गेले होते आणि उत्तराधिकारी ब्रेट लार्सन यांनी संघाला पुढे नेले होते.

दुसरी बाजूही पाहावी. रँड पेकनोल्ड १९९४ मध्ये क्विनिपियाकला आले, तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत होता आणि ते अर्धवेळ प्रशिक्षक म्हणून काम करीत माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत. ते तेथेच राहिले, कारण विद्यापीठ त्यांच्याबरोबर वाढत गेले. संघ सर्वोच्च श्रेणीत आला, २००७ मध्ये नवे क्रीडागृह उभे राहिले, आणि २०२३ मध्ये मिनेसोटाला जादा वेळेच्या पहिल्या दहा सेकंदांतच पराभूत करून संघ राष्ट्रीय विजेता ठरला. डेन्व्हरचे डेव्हिड कार्ल यांनी २०२२ आणि २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. त्यांना मोह आहे तो दुसऱ्या विद्यापीठाचा नव्हे, व्यावसायिक ‘नॅशनल हॉकी लीग’चा. २०२५ मध्ये शिकागो संघासाठी त्यांचे नाव चर्चेत होते, पण ते डेन्व्हरमध्येच राहिले. म्हणून ‘जाणार का’ असे विचारण्याआधी विद्यापीठ प्रशिक्षकाला पुढचे पाऊल टाकायला जागा देत आहे का, हे तपासणे अधिक उपयोगी ठरते. नवे क्रीडागृह, सहायकांना चांगले वेतन, गटाची ताकद ही चिन्हे अफवांपेक्षा भरवशाची असतात.

मँकेटो आणि मॅडिसन यांचा हिशेब अजून मिटलेला नाही. हेस्टिंग्ज यांनी पहिल्याच वर्षी विस्कॉन्सिनला २६ विजय मिळवून देत राष्ट्रीय स्पर्धेत नेले. दुसऱ्या वर्षी मात्र संघ जिंकला त्याहून अधिक सामने हरला. त्याच वर्षी मँकेटोने ल्यूक स्ट्रँड यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या गटाचे विजेतेपद जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत वेस्टर्न मिशिगनशी जादा वेळेपर्यंत झुंज दिली. वेस्टर्न मिशिगननेच पुढे विजेतेपद पटकावले.

दरम्यान नियम पुन्हा बदलले आहेत. कॅनडातील प्रमुख कनिष्ठ लीगमध्ये खेळलेल्या मुलांना ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकी विद्यापीठांची दारे खुली झाली. न्यायालयाने जून २०२५ मध्ये मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट आपल्या खेळाडूंना वाटू शकतात. ही मर्यादा गाठणे ‘बिग टेन’मधील संस्थांना शक्य आहे. मँकेटोसारख्या विद्यापीठांना ती रक्कम स्वप्नवत आहे, आणि तेथील पुढच्या यशस्वी प्रशिक्षकाला दूरध्वनी येईल तेव्हा पलीकडून बोलणाऱ्याकडे त्याच्यासाठीच नव्हे, तर त्याच्या खेळाडूंसाठीही देकार तयार असेल.