लिहिणारे यंत्र आणि घरातील पिढ्या

लोखंडी नांगर घातला तर जमीन विषारी होते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर तयार केला खरा; पण पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते. ही हकीकत सांगताना त्या शेतकऱ्यांना हसण्याचा प्रघात पडला आहे. ते हसणे मला पटत नाही. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून, त्याने शेजाऱ्याच्या रानात गुण दिसल्याखेरीज आपले रान नव्या अवजाराच्या हवाली का करावे? विषाची समजूत खोटी होती, जोखीम मात्र खरी होती.

तशीच घासाघीस आज साताऱ्या-सांगलीच्या घरांत चालली आहे. अवजार तेवढे बदलले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय ह्या संस्थेने चॅटजीपीटी हे यंत्र लोकांपुढे ठेवले. प्रश्न लिहावा, यंत्राने उत्तर रचून द्यावे. पत्र, अर्ज, निबंध, हिशोबाचे सूत्र, जे मागाल ते. त्यानंतर अशी अनेक यंत्रे आली. नातू ते सर्रास वापरतो आणि आजोबा त्याला हात लावत नाहीत. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०२५ साली केलेल्या पाहणीत तिशीच्या आतील १०० पैकी ५८ जणांनी चॅटजीपीटी वापरल्याचे सांगितले. ६५ व त्यापुढील वयात हे प्रमाण १०० पैकी १० होते. ते आकडे तिकडचे आहेत, हे खरे. परंतु आपल्या ओसरीवर पाहिले तर चित्र फार निराळे दिसेल असे वाटत नाही.

म्हातारपणी नवे शिकवत नाही, असा ह्याचा सोपा उलगडा केला जातो. तो मान्य करण्यापूर्वी एक आठवण करून देतो. बँकांतील यंत्रीकरणावर १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला आणि १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणकाने नोकऱ्या जातील ह्या भयाने तेव्हा मोठा विरोध होता. त्या काळी खतावणी लिहिणारे जे तरुण कारकून होते, ते आज निवृत्त आजोबा आहेत. त्यांनी पुढे त्याच संगणकावर वीस-पंचवीस वर्षे काम केले. तेव्हा शिकण्याची ताकद नाही, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल.

ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्या पंडितांनी २००३ साली एक आराखडा मांडला. त्यात वेंकटेश हे नाव पुढे होते. माणूस नवे साधन केव्हा उचलतो? त्याने काम साधेल असे वाटले तर, ते सोपे वाटले तर, भोवतालची माणसे वापरू लागली तर आणि अडल्यास कोणी मदतीला असेल तर. त्यांना असे आढळले की, तरुणांच्या बाबतीत ‘काम साधेल का’ हा प्रश्न अधिक वजनदार ठरतो. वय वाढते तसे सोपेपणाला आणि मदतीच्या हाताला महत्त्व येते. हे आपल्या घरास लावून पाहा. तासगावच्या एखाद्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे. नोकरीचा अर्ज इंग्रजीत करावयाचा आहे. यंत्र त्याचे पत्र क्षणात नीट करून देते. त्याच गल्लीतील जुन्या वकिलांना तसले पत्र झोपेतही लिहिता येते. त्यांनी यंत्राकडे जावे कशासाठी? गरजच निराळी, तर उत्साह सारखा कोठून येणार?

शिवाय वडीलधाऱ्यांच्या संशयाला आपणच खतपाणी घातले आहे. फोनवर पोलिसाचा वेष घालून ‘तुम्हाला अटक झाली’ असे सांगत आयुष्याची पुंजी लुबाडणारे भामटे गेल्या काही वर्षांत बोकाळले. तेव्हापासून मुलेच आईवडिलांना बजावीत असतात की, अनोळखी दुव्याला हात लावू नका, पडद्यावर दिसेल ते खरे मानू नका. सकाळी हा उपदेश आणि संध्याकाळी ‘ह्या यंत्राला विचारा की’ असा आग्रह. बिचाऱ्यांनी करावे काय?

सगळे तरुणही आतुर आहेत असे नव्हे. चित्रे काढून वा भाषांतरे करून पोट भरणारे कित्येक तरुण ह्या यंत्रावर मनापासून चिडलेले आहेत.

आता यंत्राच्या अंतरंगाविषयी थोडे सांगावयास हवे, कारण खरा धोका तेथे आहे. ह्या यंत्राला अगणित मजकूर वाचावयास दिलेला असतो. कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्याचे गणित ते त्यावरून बसवते आणि एकेक तुकडा जुळवीत उत्तर रचते. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेथे ते बहुधा ठीक बोलते. जेथे मजकूर तोकडा, तेथेही गप्प बसत नाही. त्याच ठसक्यात कल्पित गोष्ट सांगू शकते. बोलताना त्याचा आवाज चाचरत नाही, चेहरा तर त्याला नाहीच. इंग्रजीच्या मानाने मराठीचा मजकूर फार थोडा, आणि त्यातही आपल्या तालुक्याविषयीचा त्याहून थोडा.

सांगलीजवळच्या हरिपूरचे उदाहरण घेऊ. कृष्णा-वारणेच्या संगमावरील ह्या गावी जमिनीखाली पेवे खणून त्यांत हळद साठवीत. पेव भरावे कसे, त्याचे तोंड बंद कसे करावे, उघडल्यावर लगेच आत का उतरू नये, हे तेथल्या जुन्या माणसांना ठाऊक. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पेवांचे फार नुकसान झाले आणि ही पद्धत मागे पडली. उद्या कॉलेजातील मुलगी ‘हळदीचे पेव’ ह्या विषयावर प्रकल्प करू लागली आणि यंत्राने तिला पेवात पोते उघडताच उतरावे असे सुरेख मराठीत सांगितले, तर ती चूक तिच्या लक्षात कशी यावी? बंद पेवातील कोंदट हवेने माणूस गुदमरू शकतो. ही चूक ओळखील तो तिचा आजा. आणि तो तर यंत्रापाशी फिरकत नाही. जो विचारतो त्याला पारख नाही, ज्याला पारख आहे तो विचारीत नाही, अशी ही कोंडी आहे.

ती फुटू शकते, ह्याचे एक उदाहरण मोडी लिपीचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. जुन्या वाड्यांतल्या रुमालांत जमिनीचे, वतनांचे, देण्याघेण्याचे कागद पडून आहेत, आणि घरातल्या कोणालाच ते वाचता येत नाहीत. २०२५ साली रुरकीच्या आयआयटीने इतर संस्थांच्या साह्याने मोडीचे देवनागरीत रूपांतर करणारे यंत्र पुढे आणले. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन कागदांची दोन हजारांवर चित्रे आणि त्यांचे देवनागरी पाठ जमवावे लागले. ते पाठ अचूक असावयाचे, तर मोडी जाणणारा माणूस शेजारी बसल्यावाचून गत्यंतर नाही. असे जाणकार आता थोडे उरले आहेत आणि त्यांतले बरेच वयोवृद्ध आहेत. घरात रुमाल असेल, तर कागदांची छायाचित्रे नातवंडांकडून काढून घ्यावीत आणि जाणकाराला एकदा घरी बोलवावे. हे काम येत्या पाच-दहा वर्षांतच होण्यासारखे आहे.