कान तपासले, डोळ्यांचं काय?

मूल ऐकत नाही असं कळलं की घरची सगळी धावपळ कानाभोवती सुरू होते. बेरा चाचणी, श्रवणयंत्र, स्पीच थेरपी, जमलं तर कॉक्लिअर इम्प्लांट. माण-खटावकडचे पालक साताऱ्याला आणि जत-आटपाडीकडचे सांगली-मिरजेला हेलपाटे घालतात. या गडबडीत डोळ्यांची तपासणी हमखास मागे पडते. खरं तर खाणाखुणा, ओठांच्या हालचाली, फळ्यावरची अक्षरं, आईच्या चेहऱ्यावरचा राग-लोभ हे सगळं या मुलापर्यंत डोळ्यांतूनच पोचतं. ऐकू येणाऱ्या मुलाला फळा धूसर दिसला, तर बाईंचं बोलणं ऐकून त्याची वेळ निभते. कर्णबधिर मुलाला ती सोय नसते.

गैरसमज : एक इंद्रिय अधू झालं की दुसरं आपोआप तल्लख होतं.

वस्तुस्थिती : कर्णबधिर माणसं नजरेच्या कडेला होणारी हालचाल चटकन टिपतात, असं काही संशोधनात आढळलं आहे. पण ही करामत मेंदूच्या सवयीची आहे. त्याने डोळ्याचा नंबर उतरत नाही की पडदा बळकट होत नाही. उलट डोळ्यांच्या तक्रारी या मुलांमध्ये जास्त आढळतात. पुण्याचे नेत्रतज्ज्ञ डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी १४ विशेष शाळांमधल्या ४ ते २१ वर्षांच्या ९०१ कर्णबधिर विद्यार्थ्यांचे डोळे तपासले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१६ जणांना, म्हणजे जवळपास चौघांतल्या एकाला, डोळ्यांचा काही ना काही त्रास होता. त्यातल्या १६७ जणांना चष्म्याची गरज होती, पण योग्य नंबरचा चष्मा होता फक्त १० जणांकडे. तपासणीच्या वेळी ५० मुलांची नजर ६/२४ पेक्षाही कमी भरली. चष्मा दिल्यावर अशी मुलं उरली तीन. बाकीच्यांचं नुकसान एका चष्म्यावाचून चाललं होतं.

गैरसमज : ज्याला बोलता येत नाही, त्याचा नंबर कसा काढणार?

वस्तुस्थिती : त्यासाठी अक्षर वाचून दाखवावं लागत नाही. तक्त्यावरच्या 'ई'ची तोंडं कोणत्या दिशेला आहेत, ते मुलाने बोटांनी दाखवलं तरी पुरतं. वरच्या अभ्यासात शाळेतल्या शिक्षकांनाच हे शिकवून कामाला घेतलं होतं. अगदी लहान मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून रेटिनोस्कोपने नंबर काढता येतो, त्यात मुलाने उत्तर देण्याचा प्रश्नच नसतो. फक्त एक पथ्य पाळायचं. तपासणीच्या खोलीतला दिवा मालवला की कर्णबधिर मुलाशी बोलणंच तुटतं. म्हणून काय करणार आहोत, ते उजेड असतानाच त्याला खुणेने समजावून सांगावं.

गैरसमज : काही त्रास असता तर त्याने सांगितलं नसतं का?

वस्तुस्थिती : जन्मापासून धूसरच पाहिलेल्या मुलाला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटतं. त्यामुळे ते तक्रार करत नाही आणि आपण त्याला 'हट्टी' किंवा 'अभ्यासात कच्चा' ठरवून मोकळे होतो. तिरळेपणाची गोष्ट आणखी वेगळी. तो भाग्याचं लक्षण मानून घरचे खूश असतात, तोवर वापरात नसलेल्या डोळ्याची नजर मंदावत जाते. पट्टी बांधून आणि चष्मा लावून ती सुधारता येते, पण साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात केली तर अधिक फायदा होतो.

गैरसमज : नजर ६/६ भरली, म्हणजे डोळे निर्धोक.

वस्तुस्थिती : ६/६ हा आकडा फक्त समोरच्या नजरेचा. अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात मूल जन्मतःच कमी ऐकतं आणि पुढे डोळ्याचा पडदा कडेकडून निकामी होत जातो. आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर आक्रसतो आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखं दिसू लागतं. एवढं होऊनही मूल तक्त्यावरची शेवटची ओळ बरोबर दाखवू शकतं. या आजाराच्या पहिल्या प्रकारात मूल जवळजवळ काहीच ऐकत नाही, दीड वर्ष उलटलं तरी चालत नाही आणि साधारण दहा वर्षांच्या आतच त्याला अंधारात दिसेनासं होतं. दुसऱ्या प्रकारात थोडंफार ऐकू येतं आणि डोळ्यांचा त्रास बहुधा विशीच्या आत सुरू होतो.

निवासी शाळेत हे आधी लक्षात येतं ते वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या. वर्गात हुशार असलेला मुलगा संध्याकाळी जिन्यावर ठेचकाळतो, दिवे गेले की जागचा हलत नाही, बाजूने केलेली खूण त्याला दिसत नाही. अशा मुलाचा पडदा थेंब घालून तपासून घ्यायलाच हवा. मोटरसायकलच्या वयात आलेल्या पोरासाठी तर ही तपासणी जिवाची बाब आहे. ऊस हंगामात सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली भेटणं काही नवं नाही.

गैरसमज : रात्री दिसत नाही ना, मग गाजर आणि पालेभाज्या खाऊ घाला.

वस्तुस्थिती : अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो हे खरं, आणि तो उपचाराने बराही होतो. पण अशरमधला रातांधळेपणा पडद्याच्या पेशी मरत गेल्याने येतो. गाजराने तो हटत नाही. मनानेच अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू ठेवल्या, तर यकृताला इजा होऊ शकते. आज या आजारावर खात्रीचा इलाज नाही. तरीही निदान लवकर झालं तर बरंच काही हातात राहतं. पुढे खुणा दिसणं अवघड होणार हे आधी कळलं, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा निर्णय लांबणीवर टाकला जात नाही आणि शिक्षणाची दिशाही वेळेवर ठरवता येते.

गैरसमज : ग्रहण पाळलं नाही, आईनेच काहीतरी केलं असणार.

वस्तुस्थिती : ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. अशरमध्ये सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. दोघांचे डोळे-कान उत्तम असतात, म्हणून 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' असं म्हटलं जातं. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. घरात आधीच एक कर्णबधिर मूल असेल, तर पुढची सोयरीक ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घेतलेला बरा.

कान आणि डोळे दोन्ही अधू होण्याचं दुसरं कारण रुबेला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हा विषाणू लागला, तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयविकार असे तिन्ही होऊ शकतात. गरोदरपणातला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला. यावर लस आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. ही लस बाळाला ९ महिन्यांनंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळते. ऊसतोडीसाठी सतत गाव बदलणाऱ्या कुटुंबांनी दुसरा डोस चुकू देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही कान आणि पडदा या दोन्हींचा धोका असतो. त्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासायचा असतो.

आता करायचं काय? बहिरेपणाचं निदान झालं की त्याच सुमारास डोळ्यांची थेंब घालून पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि नंतर दरवर्षी. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. विशेष शाळांनी त्यांना आग्रहाने बोलावून घ्यावं. चष्मा घेताना बारीक काडीचा घ्यावा, म्हणजे कानामागच्या यंत्राशी अडचण होत नाही. ऐकणं आणि दिसणं दोन्ही कमी असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाची स्वतंत्र दखल आहे. दाखल्यावर दोन्ही नोंदी करून घ्याव्यात. श्रवणयंत्राच्या फाइलला डोळ्यांच्या तपासणीचा कागद जोडलेला नसेल, तर ती फाइल अपुरी समजावी.